वाचकांचे प्रश्न : बॉक्सवरचा वेग आणि घरातला संगणक

‘सर्वांत वेगवान एसएसडी कोणती घ्यावी?’ या आशयाची पत्रे सध्या इतकी येत आहेत की त्यांतली निवडक पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कसारखी फिरती तबकडी नसलेली, फ्लॅश चिपमध्ये माहिती साठवणारी ड्राइव्ह. प्रश्न एकच दिसत असला, तरी प्रत्येकाचा संगणक वेगळा आहे आणि त्यामुळे उत्तरही वेगळे आहे.

प्रश्न : माझा डेस्कटॉप २०१४ साली घेतलेला आहे. त्यात इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे. तो सुरू होऊन हाताशी येईपर्यंत चहा पिऊन होतो. दुकानदार म्हणतात की ७,००० मेगाबाइट वेगाची एनव्हीएमई एसएसडी एका जोडकार्डावर बसवून देतो. मुलगा म्हणतो, संगणकच बदल. कोणाचे ऐकावे? – एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : दुकानदारांचा सल्ला आपल्या संगणकाला लागू पडत नाही, आणि मुलाचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. एनव्हीएमई ही पीसीआय एक्स्प्रेस या वेगवान जोडणीतून चालणारी एसएसडी. ती ज्या लहान एम.२ स्लॉटमध्ये बसते, तो एच८१ चिपसेटच्या मदरबोर्डावर सहसा नसतोच, म्हणून जोडकार्डाची कल्पना पुढे आली असावी. पण या बोर्डावरचे पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट दुसऱ्या पिढीचे आहेत. आखूड स्लॉटमध्ये कार्ड बसवले तर सेकंदाला जेमतेम ५०० मेगाबाइटची वाट मिळते, आणि ग्राफिक्स कार्डाच्या लांब स्लॉटमध्ये बसवले तरी चार लेनवर (लेन म्हणजे माहिती वाहून नेणारी एक वाट) कागदोपत्री २,००० मेगाबाइटच्या पुढे जाता येत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की त्या काळातल्या बहुतेक बायोसना (संगणक चालू होताच आधी चालणारा मदरबोर्डावरचा प्रोग्रॅम) एनव्हीएमई ड्राइव्हवरून विंडोज सुरू करता येत नाही. म्हणजे सात हजारांच्या वेगाचे पैसे भरून विंडोज मात्र जुन्याच डिस्कवरून सुरू होणार.

आपल्याला लागते ती साधी अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्याच प्रकारच्या केबलने जोडली जाणारी. तिच्या बॉक्सवर ५५० च्या आसपासचा आकडा असतो आणि तो पाहून अनेकांचा हिरमोड होतो. तो का होऊ नये, हे थोडे विस्ताराने सांगण्याजोगे आहे, कारण पुढच्या सगळ्या उत्तरांचा पाया तोच आहे.

बॉक्सवरचा आकडा एकच मोठी फाइल सलग वाचतानाचा असतो. विंडोज सुरू होताना किंवा ब्राउझर उघडताना संगणक असे सलग वाचन फार थोडे करतो. तो डिस्कच्या कानाकोपऱ्यांतून हजारो लहान तुकडे गोळा करत असतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची तबकडी एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद घेते, त्यामुळे हवा तो तुकडा वाचणाऱ्या हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडी जास्त वाट पाहावी लागते. हेड योग्य जागी सरकण्याचे आणखी ८-९ मिलिसेकंद त्यात मिळवले, तर एका सेकंदात जेमतेम ७५ ते ८० तुकडे हाती येतात. प्रत्येक तुकडा ४ किलोबाइटचा धरला, तर हिशेब सेकंदाला ३०० किलोबाइटच्या घरात जातो. म्हणजे जी डिस्क सलग वाचनात १५० मेगाबाइट देते, तीच संगणक सुरू होताना मेगाबाइटचा तिसरा हिस्सा देते, आणि आपला चहा पिऊन होतो तो याच काळात.

एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नाही. साधी साटा एसएसडी असा एकेक तुकडा मागितला असता सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइट देते, म्हणजे हार्ड डिस्कच्या शंभरपट. त्याच कसोटीवर चांगली एनव्हीएमई ड्राइव्ह साधारण दुप्पट भरते. बॉक्सवर दिसतो तसा बारा-तेरा पटींचा फरक तिथे उरत नाही. खरी झेप हार्ड डिस्क सोडण्यात आहे, आणि ती आपल्याला कमी पैशांत मिळते.

बसवताना दोन गोष्टी डोळ्यांसमोर करून घ्याव्यात. एच८१ बोर्डावर साटाची चार पोर्ट असतात, त्यांतली दोन ६ गिगाबिटची आणि दोन ३ गिगाबिटची. एसएसडीची केबल ६ गिगाबिटच्याच पोर्टमध्ये जायला हवी. पोर्टांशेजारी बोर्डावर बारीक अक्षरांत ते छापलेले असते आणि अनेकदा रंगही वेगळा असतो. दुसरे म्हणजे बायोसमध्ये साटाचा मोड ‘आयडीई’ नसून ‘एएचसीआय’ आहे ना, हे विंडोज टाकण्यापूर्वी पाहावे. जुनी हार्ड डिस्क काढून टाकू नये, ती फोटो आणि कागदपत्रांची दुसरी प्रत ठेवायला कामी येईल. रॅम ४ वरून ८ जीबी करावी, कारण रॅम अपुरी असली की विंडोज सतत ड्राइव्हकडे धाव घेत राहते.

आता मुलाच्या सल्ल्याचा बरोबर असलेला भाग. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. म्हणून या यंत्रावर खर्च बेताचाच करावा : ५०० जीबीच्या आतली साटा एसएसडी पुरेशी आहे. पत्रव्यवहार, वाचन आणि व्हिडिओ पाहणे एवढाच वापर असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स या मोफत प्रणालीचा विचार अवश्य करावा. देवनागरी टंकलेखन त्यावर व्यवस्थित चालते. उद्या संगणक बदलला, तरी ही ड्राइव्ह यूएसबी केसमध्ये घालून वापरता येईल.

प्रश्न : सॅमसंगच्या ८७० इव्हो आणि ८७० क्यूव्हीओ या दोन्ही १ टीबी ड्राइव्हच्या बॉक्सवर वाचन ५६० आणि लेखन ५३० असेच आकडे आहेत. मग स्वस्त असलेली का घेऊ नये? – एक छायाचित्रकार, कोल्हापूर

उत्तर : आकडे सारखे आहेत, पण ते किती वेळ टिकतात हे बॉक्सच्या दर्शनी बाजूला लिहिलेले नसते. इव्होमध्ये टीएलसी फ्लॅश आहे, म्हणजे एका सेलमध्ये तीन बिट साठतात. क्यूव्हीओमध्ये क्यूएलसी, म्हणजे चार. सेलमध्ये जितके जास्त बिट कोंबावेत, तितके लिहिण्याचे काम नाजूक आणि संथ होत जाते. ते जाणवू नये म्हणून ड्राइव्ह काही भाग एका सेलला एकच बिट या पद्धतीने वापरते, आधी तिथे झपाट्याने लिहून घेते आणि मग सवडीने आत हलवते. १ टीबी क्यूव्हीओमध्ये ही जागा ४२ जीबीपर्यंत असते. ती भरली की लेखनाचा वेग सेकंदाला ८० मेगाबाइटवर येतो, आणि हे कंपनीने आपल्या माहितीपत्रकात स्वतःच नोंदवलेले आहे.

आपण लग्नाच्या चित्रीकरणाचे २०० जीबी दुसऱ्या एखाद्या वेगवान एसएसडीवरून या ड्राइव्हवर घेत आहात असे धरू. पहिले ४२ जीबी दीड मिनिटाच्या आत उतरतील आणि उरलेल्या १५८ जीबींना तेहतीस मिनिटे लागतील. इव्होवर हेच सगळे काम सहा-सात मिनिटांत उरकते. आपल्या व्यवसायात हा प्रसंग दर आठवड्याला येणार, म्हणून आपण इव्हो किंवा दुसऱ्या विश्वासू कंपनीची टीएलसी ड्राइव्ह घ्यावी. ज्यांना एकदा भरून पुढे फक्त वाचायचे आहे, त्यांना क्यूएलसी चालते. वाचनात दोघींमध्ये विशेष फरक पडत नाही.

टिकाऊपणाचा, म्हणजे वॉरंटीच्या मर्यादेचा, आकडाही या दोघींत वेगळा आहे : इव्होला ६०० टेराबाइट लेखन आणि पाच वर्षे, क्यूव्हीओला ३६० टेराबाइट आणि तीन वर्षे. याची मात्र फार धास्ती घेऊ नये. रोज ३० जीबी लिहिले तरी ३६० टेराबाइट संपायला बत्तीस वर्षे लागतील.

स्वस्त साटा ड्राइव्हमध्ये आणखी एक काटकसर असते, ती डीरॅम या वेगवान मेमरी चिपची. कोणता तुकडा कुठे ठेवला आहे याचा नकाशा ड्राइव्ह या डीरॅममध्ये ठेवते. एनव्हीएमई ड्राइव्हमध्ये डीरॅम नसली, तर ती संगणकाच्या रॅमचा थोडा भाग उसना घेऊ शकते; साटा ड्राइव्हला ती सोय नाही. म्हणून साटा घेताना डीरॅम असलेलीच घ्यावी, असे माझे मत आहे. आणि कामाची एकुलती एक प्रत कोणत्याही एसएसडीवर ठेवून ती वर्षानुवर्षे कपाटात ठेवू नये, कारण वीज न मिळता पडून राहिलेल्या फ्लॅशमधला विद्युत्भार हळूहळू झिरपत जातो.

प्रश्न : नवीन संगणक जुळवतो आहे. मदरबोर्डावर जेन-५ चा एम.२ स्लॉट आहे. १४,००० मेगाबाइटची ड्राइव्ह घ्यावी की ७,००० ची? वापर : अभ्यास, गेम आणि थोडे व्हिडिओ संकलन. – एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : जेन-४, म्हणजे चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसची ७,००० वाली, घ्यावी, आणि वाचलेल्या पैशांतून २ टीबी क्षमता घ्यावी. १०० जीबीची फाइल सात हजारांच्या वेगाने हलवायला सुमारे चौदा सेकंद लागतात, चौदा हजारांच्या वेगाने सात. हे सात सेकंद वाचायचे, तर समोरची ड्राइव्हही तितकीच वेगवान हवी. कॅमेऱ्याच्या कार्डावरून सेकंदाला १०० मेगाबाइट येत असतील, तर आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

नागपूरचा मे महिनाही विसरून चालणार नाही. जेन-५ ड्राइव्हचा कंट्रोलर, म्हणजे ती चालवणारी चिप, बराच तापतो. ठरावीक तापमानापुढे तो स्वतःचे रक्षण करण्यासाठी वेग आपोआप कमी करतो. ड्राइव्हवर बसवलेली धातूची हीटसिंक उष्णता खोलीतल्या हवेतच सोडते, तेव्हा ती हवाच चाळिशीत असेल तर हीटसिंक करून करून किती करणार? जेन-४ ड्राइव्हलाही बोर्डासोबत आलेली हीटसिंक लावावी, आणि तिच्या पॅडवरची प्लास्टिकची पातळ फिल्म काढायला विसरू नये. ती तशीच राहिलेली अनेकदा आढळते.

बोर्डाचे माहितीपुस्तकही एकदा उघडावे. काही बोर्डांवर जेन-५ चा एम.२ स्लॉट वापरला की ग्राफिक्स कार्डाच्या सोळा लेनपैकी आठच उरतात, तर काहींवर दुसरा एम.२ स्लॉट भरला की साटाची एकदोन पोर्ट बंद पडतात.

प्रश्न : लॅपटॉपच्या एम.२ स्लॉटमध्ये नवी एनव्हीएमई ड्राइव्ह नीट बसली, पण बायोसमध्ये दिसतच नाही. ड्राइव्ह खराब आहे का? – एक वाचक, पणजी

उत्तर : तसे असेलच असे नाही. एम.२ हा केवळ आकार आहे. त्या आकाराच्या स्लॉटमधून साटा धावते, एनव्हीएमई धावते की दोन्ही, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. काही जुन्या लॅपटॉपमध्ये फक्त साटाचीच जोडणी दिलेली असते. लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन त्याचे सर्व्हिस मॅन्युअल पाहावे आणि तिथे ‘साटा’ एवढेच लिहिले असेल, तर ड्राइव्ह परत करून एम.२ साटा प्रकारची घ्यावी. लांबीही त्याच वेळी पाहावी : २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, २२४२ म्हणजे ४२ मिलिमीटर लांब. याउलट इंटेलच्या अकराव्या किंवा त्यापुढच्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह बायोसला दिसते आणि फक्त विंडोज टाकताना दिसत नाही, अशी तक्रार असेल, तर इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो.

प्रश्न : भाऊ दुबईहून येतो आहे, तिथून ड्राइव्ह मागवावी का? आणि इंटरनेटवर अनोळखी नावाची २ टीबी ड्राइव्ह फारच स्वस्त दिसते, ती कशी? – एक गृहिणी, ठाणे

उत्तर : दुबईची ड्राइव्ह आणण्यापूर्वी त्या कंपनीची वॉरंटी जगभर चालते की विकलेल्या देशापुरती असते, हे तिच्या संकेतस्थळावर वाचावे. भारतात रीतसर आयात झालेल्या मालाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. ते लेबल असलेला माल आपल्याला मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर मिळतो, आणि काही बिघडले तर दाद मागायला ठाण्याहून तिथे जाणे दुबईपेक्षा सोपे आहे.

फारच स्वस्त २ टीबी ड्राइव्ह घेऊ नये. अशा काही ड्राइव्ह विंडोजला २ टीबी असल्याचे भासवतात, आत मात्र ६४ जीबीचे मेमरी कार्ड असते; त्यापुढे लिहिलेली माहिती आधीच्या माहितीवर चढत जाते आणि फाइल उघडायला गेल्यावरच ते कळते. घेतलीच असेल, तर परत करण्याची मुदत संपण्याआधी एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमने ती काठोकाठ भरून परत वाचून पाहावी. खऱ्या २ टीबी ड्राइव्हवर विंडोज १,८६३ जीबीच्या आसपास आकडा दाखवते. तो मोजणीच्या पद्धतीतला फरक आहे, त्याबद्दल दुकानदाराशी भांडू नये.