भाच्याला जुना लॅपटॉप देण्याआधी बॅकअपची हार्ड डिस्क कशी पुसावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मालवणजवळ तुमचं निवास-न्याहारी आहे. नवा लॅपटॉप घेतलात. विंडोज १० चा जुना लॅपटॉप आणि त्याच्या बॅकअपची १ टीबीची हार्ड डिस्क गणपतीला येणाऱ्या भाच्याला द्यायची आहे. डिस्क नुसती फॉरमॅट केली की पुरे का, की दुकानदार म्हणतो तशी ३५ वेळा पुसायची? आणि भाचा घरचाच, तर एवढा खटाटोप हवाच का?

३५ वेळा नको, एकदाच पुरे. पण साधं ‘क्विक फॉरमॅट’ म्हणजे पुसणं नव्हे. आणि दोन्हींत जास्त काळजी डिस्कची घ्या, लॅपटॉपची त्यामानाने कमी. लॅपटॉपवर सहज दिसतं ते आजचं. बॅकअपवर मात्र तुम्ही मधल्या काळात डिलीट केलेलंही सगळं असतं, कारण विंडोजची ‘फाइल हिस्टरी’ ही बॅकअपची सोय मूळ सेटिंगमध्ये जुन्या आवृत्त्या कायमच्या ठेवते. लॅपटॉप झाडून-पुसून दिला आणि डिस्क तशीच दिली, तर काहीच पुसलं नाही असं धरा.

भाचा घरचा आहे, पण लॅपटॉप त्याच्यापाशी थांबत नाही. होस्टेलवरचे मित्र वापरतात, पुढे तो दुरुस्तीच्या दुकानात जातो, मग कुणाला तरी विकला जातो. शिवाय तुमच्या डिस्कवर पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोटो असणार, परदेशी पाहुण्यांची माहिती सरकारला कळवायच्या ‘फॉर्म सी’साठी घेतलेल्या पासपोर्टच्या प्रती असणार. त्या तुमच्या मालकीच्या नाहीत, घरातल्या घरातही देता येत नाहीत. ‘आधारच्या पीडीएफला पासवर्ड आहे की’ असं वाटत असेल तर तो पासवर्ड आठवा: नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल. पाहुण्यांच्या रजिस्टरात या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी लिहिलेल्या असतात, आणि तुमची स्वतःची तर भाच्याला पाठ आहेत.

पुसण्याआधी हवं ते बाहेर काढा. इथेच जास्त लोक फसतात. नव्या लॅपटॉपवर कॉपी करा आणि शिवाय आणखी एका ठिकाणी. कॉपी झाल्यावर फायलींची संख्या जुळवून थांबू नका. प्रत्येक वर्षाच्या फोल्डरमधले पाच-सहा फोटो, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत, एखादी एक्सेल फाइल प्रत्यक्ष उघडून पहा. टॅली वापरत असाल तर त्याचा डेटा ‘डॉक्युमेंट्स’मध्ये नसतो, टॅली उघडून कंपनीचा डेटा पाथ बघा आणि तो फोल्डर उचला. जीएसटी नोंदणी असेल तर हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरायच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात, तेव्हा ‘जुनं आहे, जाऊ दे’ म्हणू नका. आणखी एक, मराठी माणसालाच नडणारी गोष्ट: श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रं नव्या लॅपटॉपवर नुसती इंग्रजी चिन्हांची रांगोळी दिसतील. जुन्या लॅपटॉपवर ती नीट दिसतायत तोवरच त्यांची पीडीएफ करून घ्या. रिसेट केल्यावर तो फॉन्टही गेलेला असेल.

आता पुसणं. क्विक फॉरमॅट फक्त कुठली फाइल कुठे आहे याची नोंद काढतो. तलाठ्याच्या दप्तरातलं पान फाडलं म्हणून माडांची बाग नाहीशी होत नाही, तसंच. फोटोरेकसारखं फुकट सॉफ्टवेअर अशा डिस्कवरून फोटो भराभर परत काढतं.

तुमची डिस्क फिरत्या चकतीची असेल (हातात घेतल्यावर बारीक घरघर जाणवते) तर सगळ्यात सोपा मार्ग हा. डिस्क नव्या लॅपटॉपला लावा, ‘धिस पीसी’मध्ये तिच्यावर राइट-क्लिक करून ‘फॉरमॅट’ निवडा आणि ‘क्विक फॉरमॅट’समोरची खूण काढा. सगळी गंमत त्या एका खुणेत आहे. विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट त्या भागाच्या प्रत्येक सेक्टरवर (म्हणजे लहानशा कप्प्यावर) शून्य लिहितो. आजच्या चुंबकीय डिस्कला असं एकदा लिहिणं पुरतं. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेची मार्गदर्शिकाही तेच सांगते. ३५ चा आकडा पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या निबंधातला, त्या काळातल्या डिस्कांसाठीचा. आजच्या डिस्कला त्याची गरज नाही हे पुढे त्यांनीच लिहिलंय.

डिस्कचे दोन-तीन भाग केलेले असतील किंवा लपलेला भाग असेल तर मात्र विंडोजमधलंच डिस्कपार्ट हे साधन वापरा. कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडायचा आणि पुढचे शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे: ‘डिस्कपार्ट’, मग ‘लिस्ट डिस्क’, मग ‘सिलेक्ट डिस्क १’ (तुमच्याकडे दिसेल तो क्रमांक), मग ‘डिटेल डिस्क’, आणि खात्री पटल्यावरच ‘क्लीन ऑल’. मधली ‘डिटेल डिस्क’ गाळू नका. ‘लिस्ट डिस्क’मध्ये फक्त आकार दिसतो, तोही १ टीबीऐवजी ९३१ जीबी, आणि नव्या लॅपटॉपची आतली डिस्कही तेवढीच असू शकते. ‘डिटेल’मध्ये कंपनी आणि मॉडेल दिसतं. बाकीचे सगळे पेनड्राइव्ह, डिस्क आधी काढून ठेवा. ‘ऑल’ विसरून नुसतं ‘क्लीन’ लिहिलंत तर दोन सेकंदांत काम होईल. म्हणजेच काही पुसलेलं नसेल. ‘क्लीन ऑल’ला टक्केवारी दिसत नाही, कर्सर नुसता लुकलुकत राहतो. अडकलं समजून खिडकी बंद करू नका, डिस्कचा दिवा चालू आहे ना ते पहा. पुसून झाल्यावर ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन डिस्क जीपीटी (डिस्कचे भाग पाडायची एक पद्धत) म्हणून इनिशिअलाइझ करा आणि नवा व्हॉल्यूम, म्हणजे वापरायचा भाग, बनवा. तोवर ती ‘धिस पीसी’मध्ये दिसणारच नाही, आणि इथे लोक ‘डिस्क मेली’ म्हणून घाबरतात.

वेळ: सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वेग धरला तर १ टीबीला पावणेतीन तास. जुन्या यूएसबी २ च्या पोर्टला लावलीत तर नऊ तासांच्या वर. आत निळी पट्टी असलेलं पोर्ट बहुधा यूएसबी ३ चं असतं, ते वापरा. लॅपटॉपचं ‘स्लीप’ बंद करा, झाकण मिटल्यावर ‘डू नथिंग’ ठेवा. आपल्याकडे पावसात लाइटचा भरवसा नाही, म्हणून हे काम चांगली बॅटरी असलेल्या नव्या लॅपटॉपवरच करा. मध्येच बंद पडलं तर डिस्क बिघडत नाही, फक्त पहिल्यापासून सुरू करावं लागतं. अर्धवट पुसलेली डिस्क पुसलेली मानायची नाही.

काम मध्येच तुटण्याचं आपल्या किनाऱ्यावरचं नेहमीचं कारण म्हणजे खारा वारा. दोन पावसाळे कपाटात काढलेल्या डिस्कच्या पोर्टवर हिरवट-काळपट थर येतो आणि केबल जरा हलली की डिस्क गायब होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने ते टोक साफ करा, पूर्ण वाळू द्या, केबल आखूड आणि नवी घ्या. तरीही ‘आय/ओ डिव्हाइस एरर’ येत असेल तर बहुधा सेक्टर खराब झालेत. तिथे लिहिताच येत नाही, म्हणजे तिथलं जुनं पुसताही येत नाही. अशी डिस्क भाच्याला देऊ नका. तो त्यावर कॉलेजचे प्रोजेक्ट ठेवेल आणि गमावेल. ती फोडायचीच. पण लॅपटॉपच्या आकाराच्या डिस्कमधल्या चकत्या बऱ्याचदा काचेच्या असतात, त्यांचे बारीक तुकडे उडतात. जाड गोणपाटात गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावून हातोडी मारा आणि तुकडे ई-कचऱ्यात द्या. खाडीत फेकणं हा उपाय नाही: खाऱ्या पाण्याने सर्किट सडतं, चकतीवरची चुंबकीय नोंद त्याने पुसली जात नाही.

डिस्क एसएसडी (फिरती चकती नसलेली, चिपवर साठवणारी) असेल तर वरचं लागू नाही. एसएसडी झीज वाटून घेण्यासाठी प्रत्येक वेळी वेगळ्या जागी लिहिते, त्यामुळे शून्यं जुन्याच जागी पडली याची खात्री नसते. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सिक्युअर इरेज’ किंवा ‘सॅनिटाइझ’ असेल तर ते वापरा. पेनड्राइव्हचंही असंच, पण तो मी तरी सरळ फोडून टाकेन.

आता लॅपटॉप. फायली एकेक डिलीट करत बसू नका, त्यात एक सापळा आहे. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह जोडलेलं असताना तिथल्या फायली उडवल्या की त्या क्लाउडवरूनही उडतात. क्रोममध्ये सिंक चालू असताना पासवर्ड पुसले की फोनवरचेही जातात. आधी ही खाती साइन आउट करा, फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून हा लॅपटॉप काढा, सगळ्या बाहेरच्या डिस्क उपसा. मग सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, रिकव्हरी, ‘रिसेट धिस पीसी’, ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’. पुढच्या पडद्यावर ‘चेंज सेटिंग्ज’ येतं. त्यात ‘क्लीन डेटा’ चालू करा. ‘डी’ ड्राइव्ह असेल तर ‘सगळ्या ड्राइव्हवरच्या फायली काढा’ हेही चालू करा, नाहीतर फक्त ‘सी’ पुसला जातो, आणि आपल्याकडे बहुतेकांचे फोटो ‘डी’वरच असतात. लॅपटॉपमध्ये एसएसडी असेल आणि ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ची (डेटा कुलूपबंद करण्याची) सोय असेल तर रिसेटच्या आधी ते चालू करून पूर्ण होऊ द्या. रिसेटनंतर उरलेसुरले बहुतेक तुकडे त्या कुलपाच्या किल्लीशिवाय वाचता येत नाहीत.

रिसेट झाल्यावर ‘देश निवडा’ हा पडदा आला की तिथेच बटण दाबून बंद करा, पुढचं भाच्याला त्याच्या नावाने करू दे. तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याच्या ‘डिव्हाइसेस’ यादीतून तो लॅपटॉप काढा. त्याला एवढं सांगा की विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लॅपटॉपला विंडोज ११ चालत नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाकून पाहायला हरकत नाही.

आणि डिस्क द्यायच्या आदल्या दिवशी तिच्यावर फोटोरेक तासभर चालवून पहा. एकही फोटो निघाला, तर क्विक फॉरमॅटची ती खूण राहून गेली होती.