प्रोजेक्ट फसला म्हणे!

नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. मुलीला बीएस्सीला ५८ टक्के पडले याचं मला काही विशेष वाटलं नाही, पण "आम्ही ठरवलंय, तिने लॅबचं खूळ सोडून परत नीटच्या मेडिकल एंट्रन्सला बसावं" आणि चार ओळी खाली "हल्ली ती आमच्याशी धड बोलत नाही" हे वाचून धस्स झालं. दोन्ही वाक्यं तुमचीच, तरी त्यांचा संबंध लागत नाही? अख्ख्या पत्रात मावसभावाचं पॅकेज आलंय, तिला काय हवंय ते कुठेच नाही.

आता तो "फसलेला" प्रोजेक्ट. तोंडाच्या कॅन्सरच्या प्रकारांमध्ये पी५३ हे ट्यूमर सप्रेसर प्रोटीन किती दिसतं ते बघायचं होतं, कॅन्सर रोखणारं म्हणजे ते कमी हवं, हिला जास्त दिसलं, म्हणजे हिला रिसर्च जमणार नाही, असं तुमचं गणित. अहो, गणितच उलटं आहे! बिघाड नसलेलं पी५३ पेशीत टिकतच नाही, वीसेक मिनिटांत निम्मं मोडून जातं, म्हणून निरोगी टिश्यूच्या स्लाइडवर ते जेमतेम दिसतं. जीनमध्ये म्युटेशन झालं की बरेचदा बिघडलेलं प्रोटीन मोडलं न जाता साचत राहतं आणि स्लाइडवर प्रोटीन दाखवणाऱ्या रंगाने पेशींची केंद्रकं गडद तपकिरी होतात. रंग भरपूर, काम ठप्प. कधी म्युटेशन असं असतं की प्रोटीन बनतच नाही, मग स्लाइड पूर्ण कोरी, आणि तीही बिघाडाचीच खूण. पी१६ या अशाच दुसऱ्या ट्यूमर सप्रेसर प्रोटीनचं तर अजून वेगळं, टॉन्सिलकडच्या एचपीव्ही विषाणूमुळे होणाऱ्या कॅन्सरमध्ये ते भरभरून दिसतं आणि तोंडाच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा गायब असतं. पी५३ सापडलं १९७९ला, आणि पुढची दहाएक वर्षं शास्त्रज्ञसुद्धा त्याला कॅन्सर घडवणारंच समजत होते, मग हिचा गोंधळ उडाला तर काय बिघडलं? अपेक्षेविरुद्ध आलेले आकडे तिने वळवले नाहीत, जसेच्या तसे लिहिले, हे मला मार्कांपेक्षा मोठं वाटतं.

परीक्षांचं म्हणाल तर एमएस्सीला जॅम किंवा युनिव्हर्सिटीची एंट्रन्स, पुढे नेट, ही माहिती कुठेही मिळेल. पीएचडी म्हणजे पाच-सहा वर्षं आणि सुरुवातीला पैसा कमी, हे मी लपवणार नाही, पण ते तिला ठरवू दे ना. नीटही द्यायची असेल तर देईल, मावसभावासाठी नको.

खरं तर तुम्हाला यापुढे काही सांगण्यात अर्थ नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, स्लाइडचे फोटोही जोडायला सांगा, आणि पाठवायच्या आधी वाचायला मागू नका.