झाडांचा घेर मोजून पोट भरते काय?

गडचिरोली जिल्ह्यात कुरखेडा तालुक्यातल्या एका गावातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी सायन्सला, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय. दिवाळीच्या सुट्टीत ग्रामसभेच्या जंगलात झाडं मोजायला टीम आली, तेव्हा ही मजुरीवर टेप धरायला गेली. आता म्हणते, हेच शिकायचं. वडील लिहितात: "टीमवाले ३१.६२ मीटरचा चौकोन टाकून झाडांचा घेर मोजत, दहापंधरा झाडांचीच उंची घेत, बाकीची घेरावरून काढू म्हणत. आमच्या धुऱ्यावरचा मोह दोघांच्या कवेत मावत नाही, पण जंगलातला बारका ऐन त्याच्यापेक्षा उंच आहे. मग घेरावरून उंची कशी निघते? आणि असलं शिकून पोट भरते काय? घरचे म्हणतात, नर्सिंगला टाका."

नमस्कार भाऊ,

आधी मोहाचं बोलू. तुमची शंका एकदम बरोबर आहे आणि पोटापाण्याच्या प्रश्नाचं उत्तरही तिच्याच आसपास आहे.

दाट जंगलात उगवलेल्या रोपाला चारी बाजूंनी सावली असते आणि उजेड फक्त वरून येतो. म्हणून ते आधी वर पळतं, बुंधा नंतर भरतं. भोवतालच्या झाडांच्या शेंड्यांपर्यंत पोचलं की उंचीचा वेग मंदावतो, घेर मात्र पुढेही वाढत राहतो. कागदावर आडवा घेर आणि उभी उंची घेऊन ठिपके मांडले, तर रेघ आधी झपाट्यानं चढते आणि मग वाकून सपाट होत जाते. या वाकलेल्या रेघेचं सूत्र बसवलं की ज्या झाडाचा नुसता घेर माहीत आहे, त्याची अंदाजे उंची काढता येते. तुमच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, मोहाला मात्र शेजारीच नाही. चारी बाजूंनी ऊन, म्हणून तो आडवा पसरला आणि बुडात जाड झाला. जंगलातल्या झाडांवरून काढलेलं सूत्र त्याला लावलं तर उंची भलतीच जास्त येणार.

टीमनं दहापंधरा झाडांचीच उंची घेतली त्याचं कारण साधं आहे. घेर मोजायला टेप आणि अर्धं मिनिट पुरतं. जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे छातीइतक्या उंचीवर टेप गुंडाळायचा, उतार असेल तर वरच्या अंगाला उभं राहायचं, काटेसावरीसारखी बुडाला पंख फुटलेली झाडं असतील तर पंखांच्या वर मोजायचं, झालं. घेराला ३.१४ नं भागलं की व्यास. उंचीला मात्र मागं सरकून शेंडा दिसेल अशी जागा शोधावी लागते आणि बांबूच्या रांजीत ती सापडत नाही. ३१.६२ मीटरचं गणितही सांगून टाकतो, कारण पोरीला ते आवडेल: ३१.६२ चा वर्ग १०००, म्हणजे प्लॉट १००० चौरस मीटरचा, हेक्टरचा दहावा हिस्सा. कर्ण ४४.७२ मीटर भरला तरच चौकोन खरा.

आता हे सूत्र कुठलं वापरायचं, यावर सगळा खेळ आहे. २०११ साली २२ देशांतल्या २८३ ठिकाणची जवळपास ४०,००० उष्णकटिबंधीय झाडं एकत्र घेऊन एक मोठा अभ्यास झाला. त्यात दिसलं की व्यास तोच असला तरी प्रदेश बदलला की उंची बदलते. पाऊस, कोरडे महिने, जंगलाची दाटी, सगळ्याचा हात त्यात असतो. बोर्निओत सबाहच्या जंगलात शोरिया जातीचं एक झाड १०० मीटरच्या वर भरलं आहे. आलापल्लीच्या जुन्या राखीव सागवानातसुद्धा कुणी त्याच्या जवळपास जात नाही, कारण आपला पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो आणि पुढं उन्हाळ्यात झाडाला पानं झाडून तग धरावा लागतो. तिकडचं सूत्र इकडं लावलं की आपला साग कागदावर उगाच वाढतो.

त्यानं काय बिघडतं ते आकड्यात बघा. झाडाचं जमिनीवरचं कोरडं वजन काढायला २०१४ सालचं एक सूत्र जगभर वापरतात. त्यात व्यास, उंची आणि लाकडाची घनता या तिन्ही गोष्टी लागतात. ३० सेंटीमीटर व्यासाचं झाड, घनता घन सेंटीमीटरला ०.६ ग्रॅम धरली. उंची १५ मीटर असेल तर वजन साधारण ४४० किलो येतं. उंची चुकून २० मीटर धरली तर ५८० किलोच्या आसपास. एका झाडामागं १४० किलो हवेतलं लाकूड! त्यातून झाडात साठलेला कार्बन काढतात, आणि तो साठवून ठेवल्याबद्दल मिळणारे पैसे त्यावरून ठरतात. आपल्या जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क, म्हणजे गावानं मिळून जंगल सांभाळायचा आणि वापरायचा हक्क, मिळाला, त्यानंतर जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभांना मिळाला, आणि हक्कासोबत जंगलाचा व्यवस्थापन आराखडा करण्याचं कामही आलं. उद्या कुणी कार्बनचा करार घेऊन ग्रामसभेत आलं, तर "उंची मोजली की सूत्रानं काढली? सूत्र कुठल्या जंगलाचं?" हे विचारणारं माणूस गावाकडं पाहिजे. तुमची पोरगी ते होऊ शकते, पण त्यासाठी जंगल आणि गणित दोन्ही लागतात. नुसती जंगलाची आवड असलेली मुलं माझ्याकडे ढिगानं येतात आणि संख्याशास्त्राचा पेपर आला की गळतात.

म्हणून फॉर्म भरण्याआधी तिची एक परीक्षा घ्या. फी नाही, क्लास नाही. शाळेच्या कंपासमधलं कोनमापक घ्यायचं, मधल्या बिंदूला दोरा बांधून खाली नट लटकवायचा, सरळ कडेला पेनाची रिकामी नळी चिकटवायची. २० मीटरची दोरी मोजून घ्यायची. सपाट जागी झाडापासून २० मीटरवर उभं राहून नळीतून शेंडा बघायचा. दोरा ९० च्या खुणेपासून जितका सरकला तितका कोन. समजा ३५ अंश आला. ३५ चा टॅन ०.७, गुणिले २० म्हणजे १४ मीटर, त्यात डोळ्याची उंची दीड मीटर मिळवली की साडेपंधरा. कोन दोन अंशांनी चुकला तर उत्तर एका मीटरनं चुकतं, हेही तिला करून बघू द्या. आपल्याकडे झुकलेली आडवी फांदी शेंडा समजली तर उंची जास्त येते. नवीन पोरं हमखास इथंच फसतात.

बोर्डाची परीक्षा आटोपली की करा. तेव्हा सागाची पानं गळलेली असतात, शेंडा स्वच्छ दिसतो. बारीक, मध्यम, जाड अशी सगळ्या घेराची तीसेक झाडं निवडायची, एकाच जातीची, आणि आलेखाच्या कागदावर ठिपके मांडायचे. मग धुऱ्यावरची दोनचार वेगळ्या रंगानं. मोहाच्या दिवसांत अस्वलं फिरतात, तेव्हा एकटीनं नको, उजाडल्यावर कुणाला तरी सोबत घेऊन. पंधराव्या झाडाला कंटाळली तर नर्सिंगचा विचार करायला हरकत नाही, तेही चांगलं काम आहे. पण रेघेतून बाहेर पडलेल्या ठिपक्याकडे बोट दाखवून "हे असं का?" म्हणाली, तर मला वाटतं तुम्ही आडवं येऊ नये.

रस्ता सांगतो. पहिली पसंती बी.एस्सी. ऑनर्स फॉरेस्ट्री, चार वर्षं. विदर्भात अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय आहे, कोकणात दापोलीला आहे. दोन्हीकडे प्रवेश एमएचटी-सीईटीतून. जागा मोजक्या आहेत, त्यामुळे नंबर लागला नाही तर वर्ष वाया घालवू नका. गोंडवाना विद्यापीठाच्या जवळच्या कॉलेजात साधी बी.एस्सी. करू द्या, विषयांत वनस्पतीशास्त्र आणि गणित किंवा संख्याशास्त्र बसत असेल तर उत्तम. त्यावर देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत एम.एस्सी. फॉरेस्ट्रीची प्रवेश परीक्षा देता येते. देहरादूनच्याच भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे उपग्रह चित्रांचे ऑनलाइन कोर्स असतात, घरबसल्या आणि फुकट.

नोकऱ्या कुठं? भारतीय वन सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय नागपुरात, उपग्रहाचं काम करणारं राज्याचं केंद्र एमआरसॅकही नागपुरातच, जंगलाच्या कामांचा आराखडा करणाऱ्या वनविभागाच्या कार्य आयोजना शाखा आहेत, शिवाय ग्रामसभांसोबत काम करणाऱ्या संस्था. खरं सांगायचं तर यातली बरीच कामं सुरुवातीला कंत्राटी असतात. प्रकल्प संपला की पुढचा शोधावा लागतो. हे डोक्यात ठेवूनच उतरावं. कायमची खुर्ची पाहिजे असेल तर पदवीनंतर एमपीएससीची वनसेवा आहे, त्यातून वनक्षेत्रपाल किंवा सहायक वनसंरक्षक होता येतं. वनरक्षकाची भरती तर विज्ञान घेऊन बारावी झाल्यावरही देता येते, मुलींना ३ किलोमीटर धावावं लागतं. ती शिकता शिकता द्यावी, पण त्यासाठी शिक्षण सोडू नये. आणि "वनभरतीची हमी" देणाऱ्या अकादमीला एक रुपया देऊ नका.

पोरगी जंगलात कशी राहील, हे तुम्ही लिहिलं नाही, पण मनात असणार. वनरक्षक मुली आज आपल्याच जिल्ह्यात बीट, म्हणजे जंगलाचा नेमून दिलेला भाग, सांभाळतात. जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन एखादीशी तुम्ही स्वतः बोला, मी सांगण्यापेक्षा ते बरं.

सीईटीच्या अर्जाच्या तारखा सीईटी सेलच्या साइटवरच बघा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या धरू नका. राखीव गटातून अर्ज करणार असाल आणि जात पडताळणीचा अर्ज अजून गेला नसेल, तर तो या महिन्यातच कॉलेजमार्फत पाठवा. आजोबांच्या वेळचा शाळेचा दाखला किंवा महसुली नोंद शोधण्यातच वेळ जातो, आणि ऐन प्रवेशाच्या वेळी तो कागद हाती नसला तर लागलेला नंबरही अडकतो.