ओल्या गाठी आणि संगणकाची पोच

प्रश्न : पांढरकवडा तालुक्यात आमची जिनिंग-प्रेसिंग आहे. यंदा ६ जूनला आम्ही कोइम्बतूरजवळच्या एका सूतगिरणीला कापसाच्या १०० गाठींचा लॉट पाठवला. गिरणीच्या आग्रहामुळे गेल्या हंगामापासून गाडीची मागणी, ट्रान्सपोर्टवाल्यांचा होकार, गाडीची खबरबात आणि भाड्याचे बिल हे सारे ईडीआयने, म्हणजे एका संगणकावरून थेट दुसऱ्या संगणकावर जाते. मागणीच्या संदेशात आमच्या मुनीमजींनी ‘दुहेरी ताडपत्री हवी, वाटेत माल दुसऱ्या गाडीत भरू नये’ अशी टीप घातली होती. गिरणीत ९७ गाठी उतरल्या आणि त्यांतल्या १४ भिजलेल्या निघाल्या. गिरणीने १७ गाठींचे ४,४७,१०० रुपये आमच्या बिलातून कापले. ट्रान्सपोर्टवाले म्हणतात की टीप त्यांच्या संगणकावर दिसलीच नाही, ‘माल उतरला’ या त्यांच्या संदेशाची पोच आमच्याच संगणकाने दिलेली आहे, बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या मालपावतीवर, ‘मालकाच्या जोखमीवर’ असे छापलेले आहे आणि फार झाले तर भाड्याच्या दहापटीपर्यंतच त्यांची जबाबदारी येते. भाडे ८२,००० रुपये ठरले होते, ते अजून दिलेले नाही. आमच्या सहीचा एकही कागद नाही. स्क्रीनचे प्रिंट काढून ठेवले आहेत. दावा टिकेल का?

उत्तर : दावा टिकण्यासारखा आहे. मात्र आपल्या पत्रात ज्या गोष्टीचा उल्लेखही नाही तिच्यापासून मला सुरुवात करावी लागेल, कारण ती हुकली तर पुढचे सगळे व्यर्थ आहे. रस्त्याने मालवाहतुकीचा २००७ चा कायदा, जो १ मार्च २०११ पासून लागू आहे, त्याच्या कलम १६ प्रमाणे मालाच्या नुकसानीची लेखी नोटीस वाहतूकदाराला दिल्याशिवाय दावाच दाखल करता येत नाही, आणि ही नोटीस माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत त्याच्या हाती पडावी लागते. हे दिवस माल पोहोचल्यापासून किंवा गिरणीने पैसे कापल्यापासून मोजायचे नसून बुकिंगपासून मोजायचे आहेत. आपले बुकिंग ६ जूनचे असल्यामुळे ही मुदत ३ डिसेंबरला संपते. दाव्याला तीन वर्षे असतात, हे आपण कोणाकडून तरी ऐकले असेल आणि ते खरेही आहे. पण नोटीस वेळेत गेली नसेल तर त्या तीन वर्षांचा काही उपयोग होत नाही. जूनमध्ये आपण व्हॉट्सॲपवर तक्रार केली असल्यास ती जपून ठेवा, परंतु तिच्यावर विसंबू नका. इलेक्ट्रॉनिक मजकूर ‘लेखी’ धरावा असे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४ सांगते, त्यामुळे त्यावर वाद घालता येईल; मात्र ज्या ठिकाणी पोस्टाच्या पावतीने काम होते तिथे वाद घालण्याची वेळ स्वतःवर का आणावी? नोटीस कागदावर काढा, स्पीड पोस्टने पोच मागून पाठवा आणि तीच ईमेलनेही पाठवा.

आता सहीच्या कागदाविषयी. आपल्या भागात बिल्टीवर सही-शिक्का नसला की व्यवहारच झाला नाही, असे मानण्याची रीत आहे आणि आपल्या पत्रातली धास्तीही त्यातूनच आली आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम १०-अ घातले गेले आणि केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्यावरून करार अमलात आणण्याजोगा नाही असे म्हणता येणार नाही, हे त्याने स्पष्ट केले. त्याच कायद्याच्या कलम ११ प्रमाणे, एखाद्याने स्वयंचलित चालावा म्हणून योजलेल्या संगणकाने पाठवलेला संदेश हा त्या माणसाचाच संदेश समजला जातो. ‘तो होकार आमच्या माणसाने दिला नाही, संगणकाने दिला’ असे ट्रान्सपोर्टवाल्यांना म्हणायचे असेल, तर कायदा त्यांना तसे म्हणू देत नाही.

परंतु होकार नेमका कोणत्या संदेशात आहे, याबाबत आपण आणि ट्रान्सपोर्टवाले दोघेही एकाच ठिकाणी चुकत आहात. आपण पाठवलेल्या फायलींवरून आपली गिरणी एक्स-ट्वेल्व्ह हे अमेरिकी मानक वापरते असे दिसते. त्यात गाडीची मागणी ‘२०४’ क्रमांकाच्या संदेशाने जाते, वाहतूकदाराचा होकार किंवा नकार ‘९९०’ ने येतो, गाडीची खबर ‘२१४’ ने आणि भाड्याचे बिल ‘२१०’ ने येते. यांपैकी प्रत्येक संदेश पोहोचला की समोरचा संगणक आपोआप ‘९९७’ पाठवतो. ‘९९७’ चा अर्थ इतकाच की पाकीट मिळाले आणि आतली रचना संगणकाला वाचता आली. पोस्टमनच्या कागदावर मुनीमजींनी सही केली म्हणून आतल्या नोटिशीतला मजकूर कबूल झाला असे होत नाही, तसेच हे आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १२ मधील पोच ही मिळाल्याची पोच आहे, मान्यतेची नव्हे. म्हणून ‘माल उतरला’ या त्यांच्या ‘२१४’ ला आपल्या संगणकाने ‘९९७’ पाठवला, त्यावरून आपण माल सुखरूप मिळाल्याचे कबूल केले असे ठरत नाही. पण न्याय दोन्ही बाजूंना सारखाच लागतो : आपल्या ‘२०४’ ला त्यांचा ‘९९७’ आला म्हणून त्यांनी आपली टीप मान्य केली, असेही आपल्याला म्हणता येणार नाही. आपल्या नोटिशीच्या मसुद्यात तसे वाक्य आहे. ते काढून टाका, नाहीतर त्यांच्याच युक्तिवादाला आपण स्वतः बळ द्याल.

आपला खरा आधार ‘९९०’ आहे. ६ जूनला दुपारी आलेल्या त्या संदेशात आपल्याच मागणीचा क्रमांक आहे आणि पुढे स्वीकाराचे ‘ए’ हे अक्षर आहे. त्याला कोणतीही अट जोडलेली नाही. करार कायद्याच्या कलम ७ ला स्वीकार निरपवाद आणि बिनशर्त लागतो, आणि इथे तो तसाच आहे. प्रस्तावात टीप असताना त्यांनी प्रस्ताव जसाच्या तसा स्वीकारला, म्हणून टीपही कराराचा भाग झाली. टीप दिसली नाही याचे कारण ते स्वतःच देतात : त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये गाठींची संख्या, वजन, ठिकाण आणि तारीख एवढेच रकाने जोडलेले आहेत आणि टीपेचा रकाना जोडलेलाच नाही. हे तांत्रिकदृष्ट्या अगदी शक्य आहे. असे प्रकार या धंद्यात होतात. मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १३ प्रमाणे, संदेश घेण्यासाठी ज्याने एखादी संगणकप्रणाली नेमून दिली आहे, त्याच्या त्या प्रणालीत संदेश शिरला की तो मिळाला असे धरले जाते. शिरल्यानंतर त्यातले काय वाचायचे आणि काय गाळायचे ही त्याची घरची बाब आहे. टपाल उघडून पहिले पानच वाचणाऱ्या कारकुनाची चूक पत्र पाठवणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. तरीही कलम १३ ची सुरुवातच ‘अन्यथा ठरले नसेल तर’ अशी आहे, हे लक्षात ठेवा. ईडीआयमध्ये सामील होताना गिरणीने आपल्याकडून एक करारनामा भरून घेतला असेल. ‘मोकळ्या मजकुरातील सूचना बंधनकारक नाहीत’ अशा अर्थाचे कलम त्यात असेल, तर वर लिहिलेले बरेचसे ढिले पडते. तो करारनामा मला पाठवल्याशिवाय नोटीस काढू नका. वाद लवादाकडे न्यावा असे त्यात असेल, तर पुढचा रस्ताच बदलेल.

समजा टीपेचा मुद्दा पडला, तरी आपला दावा पडत नाही. २००७ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, कायदेशीर जप्ती आणि सरकारी मनाई अशा मोजक्या कारणांशिवाय वाटेतल्या नुकसानीला वाहतूकदार जबाबदार असतो, आणि कलम १२ प्रमाणे त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर नाही. मृगाच्या तोंडावर पाऊस येणे ही दैवी आपत्ती आहे, असे विदर्भातल्या कोणत्याही न्यायाधीशाला पटवणे कठीण जाईल. ‘मालकाच्या जोखमीवर’ हे छापील शब्द त्या अपवादांच्या यादीत नाहीत. ‘गाडी आमची नव्हती, बाजारातून लावली होती’ ही सबबही चालत नाही, कारण सार्वजनिक वाहतूकदाराच्या व्याख्येत दलाल आणि बुकिंग एजंटही येतात. बिल्टी आपल्या बाजूने बोलते ती वेगळीच : तिच्यावर १०० गाठींची संख्या आहे आणि कलम ९ प्रमाणे बिल्टी हा नगांच्या संख्येचा प्रथमदर्शनी पुरावा आहे.

दहापटीच्या मर्यादेची भीती मात्र आपण विनाकारण घेतली आहे. वाढीव जोखीम-दर (जास्त जबाबदारीसाठीचे जादा भाडे) कबूल केलेला नसेल तर मर्यादा भाड्याच्या दहापटीची आहे, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु ८२,००० च्या दहापट म्हणजे ८,२०,००० रुपये, आणि आपले नुकसान ४,४७,१०० रुपयांचे आहे. मर्यादा आपल्या मागणीला शिवतही नाही. ते कदाचित १७ गाठींपुरतेच भाडे धरून १,३९,४०० रुपयांचा हिशेब मांडतील. कायद्याची भाषा संपूर्ण खेपेच्या भाड्याची आहे, त्यामुळे तो हिशेब टिकू नये असे माझे मत आहे. याहून अडचणीचा मुद्दा दुसराच आहे आणि तो आपण लपवू नये. कलम ८ प्रमाणे माल पाठवणाऱ्याने मालाची किंमत जाहीर करणारी अग्रेषण चिठ्ठी करून द्यायची असते, आणि ती आपण दिलेली नाही. आपल्या ‘२०४’ मध्ये किंमत लिहिलेली आहे, म्हणून तोच संदेश ही चिठ्ठी समजावी असे मी मांडीन; पण त्यावर कायद्याला अपेक्षित अशी इलेक्ट्रॉनिक सही नाही, असे उत्तर येईल आणि त्यात तथ्य आहे. ई-वे बिलावर (जीएसटीसाठी मालाबरोबर लागणाऱ्या ऑनलाइन चिठ्ठीवर) आणि बीजकावर तीच किंमत आहे, ती इथे उपयोगी पडेल. पुढच्या हंगामात प्रत्येक खेपेला ही चिठ्ठी कागदावर करा. ईडीआय असला तरीही करा.

आता पुरावा. आपण जपून ठेवलेले स्क्रीनचे प्रिंट न्यायालयात फारसे कामाचे नाहीत. स्क्रीनवर दिसते ते सॉफ्टवेअरने सजवलेले रूप असते. मूळ संदेश म्हणजे तारांकित खुणांनी तोडलेली ती किचकट मजकुराची फाइल, जिच्या सुरुवातीच्या ओळीत पाठवणारा, घेणारा, तारीख, वेळ आणि नऊ अंकी नियंत्रण क्रमांक असतो. ती फाइल न उघडता, न बदलता काढून घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते; त्याचा ‘अ’ भाग नोंद सादर करणाऱ्याने आणि ‘ब’ भाग तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य (फाइलवरून संगणकाने काढलेली, मजकूर जरा बदलला तरी बदलणारी खूण) लिहायचे असते. प्रमाणपत्राशिवाय नोंद चालत नाही, हे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब बाबत सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० च्या अर्जुन पंडितराव खोतकर निकालात पक्के केले. ते प्रकरण जालन्याच्या निवडणुकीचे होते. आपले संदेश ज्या मधल्या कंपनीच्या टपालपेटीतून जातात तिला आजच लेखी पत्र द्या की ६ ते ११ जूनचे सर्व संदेश राखून ठेवावेत, कारण अशा कंपन्या जुन्या फायली कायम ठेवत नाहीत. तिने प्रमाणपत्र नाकारले तर न्यायालयाकडून आदेश मागता येतो, हेही त्याच निकालात आहे.

त्या फायलींत एक ओळ मला फार मोलाची वाटली. ट्रान्सपोर्टवाल्यांच्या शेवटच्या ‘२१४’ मध्ये ‘डी-वन’ हा संकेत आहे, म्हणजे ‘पोहोचवण्याच्या ठिकाणी माल उतरवून झाला’, आणि त्यापुढे १० जून, रात्री ११.४० अशी वेळ आहे. गिरणीच्या गेट रजिस्टरच्या प्रतीत तीच खेप ११ जूनला सकाळी ९.१५ ला आत आली आहे. गाडी फाटकातून आत येण्याच्या साडेनऊ तास आधी माल उतरवून झाला होता! शिवाय बिल्टीवर महाराष्ट्र पासिंगची गाडी आहे आणि गेट रजिस्टरमध्ये कर्नाटक पासिंगची. म्हणजे माल वाटेत दुसऱ्या गाडीत भरला गेला. गाडी बदलली तर ई-वे बिलाच्या ‘ब’ भागात नवा गाडी क्रमांक आधी भरावा लागतो, आणि ई-वे बिल आपणच काढले असल्यामुळे त्याची सविस्तर प्रत आपल्या लॉगिनवरून निघेल. ती काढून पाहा. नवा क्रमांक भरलेला असेल तर केव्हा आणि कुठून भरला ते कळेल. भरलेला नसेल तर ते आणखी बोलके आहे. गिरणीकडून गेट रजिस्टरची शिक्क्यासह प्रत, उतरवताना काढलेले फोटो आणि कपातीची डेबिट नोट मागून घ्या. नुकसान अखेर आपल्यावर पडले, गिरणीवर नाही, हे दाखवायला ती डेबिट नोट लागेल.

ग्राहक आयोगाकडे जाण्याचा विचार सोडा. व्यापारी कामासाठी घेतलेल्या सेवेची तक्रार तिथे चालत नाही. मागणी तीन लाखांच्या वर असल्याने हा वाणिज्यिक दावा ठरतो, आणि तातडीची मनाई मागायची नसल्याने वाणिज्यिक न्यायालय कायद्याच्या कलम १२-अ प्रमाणे आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मध्यस्थीचा अर्ज करावा लागेल. तो टाळून केलेला दावा फेटाळला जातो. मालाचा प्रवास विमा काढलेला असेल तर विमा कंपनीला कळवल्याशिवाय ट्रान्सपोर्टवाल्यांशी कोणतीही तडजोड करू नका.

राहिला भाड्याचा प्रश्न. ‘२१०’ आले की बिल आपोआप मंजूर व्हावे, अशी सोय आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे असे आपण लिहिता. ती या ट्रान्सपोर्टवाल्यांपुरती आजच बंद करा, कारण तो मंजुरीचा संदेश ‘९९७’ सारखा नुसती पोच नसून आपली कबुली म्हणून वाचला जाईल. भाडे गुपचूप अडवून ठेवू नका. नुकसानभरपाईच्या मागणीपोटी ८२,००० रुपये राखून ठेवले असून हिशेबात ते वजा धरावेत, असे त्याच नोटिशीत लिहा. म्हणजे उरलेली मागणी ३,६५,१०० रुपयांची राहील आणि ती वाणिज्यिक दाव्याच्या मर्यादेच्या वरच आहे.