कॉम्प्युटर सायन्स आणि फिजिक्स एकत्र शिकणं झेपेल का?

झेपतं, पण विषयांचा क्रम चुकला की दमछाक होते. दोन्हींचा पाया गणिताचा, म्हणून पहिल्या वर्षी कॅल्क्युलस आणि रेषीय बीजगणित पक्कं करा. रेषीय बीजगणितातल्या आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्सशी जोडलेल्या खास संख्या) क्वांटम मेकॅनिक्समध्ये लागतात तशाच मशीन लर्निंगमध्येही. डिस्क्रीट गणित (तर्क, मोजणी, ग्राफ वगैरे) मात्र वेगळंच शिकावं लागतं. फिजिक्सच्या अभ्यासातून ते फारसं मिळत नाही.

खरी ओढाताण वेळेची. लॅब रिपोर्ट आणि मोठी प्रोग्रामिंग असाइनमेंट हटकून एकाच आठवड्यात येतात. ऑपरेटिंग सिस्टिम्स आणि इलेक्ट्रोडायनॅमिक्स तर एका सत्रात घेऊच नका.

संख्यात्मक पद्धतींचा (समीकरणं कॉम्प्युटरवर आकड्यांनी सोडवण्याचा) विषय मिळत असेल तर सोडू नका, दोन्ही शाखा तिथे खऱ्या अर्थाने भेटतात. स्वतः करून बघा: आडव्या स्प्रिंगला जोडलेल्या वजनाचं सिम्युलेशन लिहा, घर्षण शून्य, म्हणजे ऊर्जा कायम राहायला हवी. साध्या ऑयलर पद्धतीत वेळेच्या प्रत्येक छोट्या पायरीला जुन्या वेगावरून नवं स्थान आणि जुन्या स्थानावरून नवा वेग काढतात. ωΔt = ०.१ (ω म्हणजे दोलनाची कोनीय वारंवारता, Δt म्हणजे एका पायरीचा वेळ) ठेवलं तर प्रत्येक पायरीला ऊर्जा १ टक्क्याने वाढते. १०० पायऱ्यांत ती सुमारे २.७ पट होते! एरर काहीच येत नाही, कोड मजेत चालतो. उपाय एवढाच की आधी वेग बदला आणि तो नवा वेग वापरून स्थान काढा. मग ऊर्जा मूळ किमतीच्या आसपासच थोडी वर-खाली होत राहते. म्हणून कुठल्याही सिम्युलेशनमध्ये ऊर्जेचा आलेख आधी काढा, बाकीचे निकाल नंतर बघा.