दहावीनंतरच्या आयुष्यासाठी मुलांची तयारी शाळेत कशी करून घ्यावी?

तुम्ही नुकतेच गावाकडच्या हायस्कूलला रुजू झालात आणि मार्कांपलीकडे मुलांची पुढची तयारी कशी करून घ्यावी, असं विचारताय. मी तालुक्याच्या गावात बावीस वर्षं गणित शिकवतोय. अनुभवातलं सांगतो.

आधी कागद बघा, व्याख्यानं नंतर. नववीतच प्रत्येकाचा जन्मदाखला, आधार आणि शाळेचं जनरल रजिस्टर शेजारी शेजारी ठेवून नाव ताडून घ्या. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांचं नाव रजिस्टरला 'बाबू' आणि आधारवर 'बाबूराव' होतं. गुणपत्रिकेवर 'बाबू'च उतरलं. पुढे डिप्लोमाला शिष्यवृत्तीचा अर्ज अडला आणि तिचे वडील मजुरी बुडवून तीन आठवडे खेटे घालत राहिले. वर्गशिक्षक मी होतो, मला ते दिसायला हवं होतं. मूल शाळेत असताना ही दुरुस्ती होऊन जाते. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की फार किचकट होते.

जातीचा दाखला आणि डोमिसाईल दहावीच्या दिवाळीपर्यंत काढायला लावा. उत्पन्नाचा दाखला मात्र आर्थिक वर्षाप्रमाणे चालतो, म्हणून तो परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये. जूनमध्ये सेतू केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते.

मुलींच्या आईवडिलांना मुद्दाम बोलावून एक गोष्ट सांगा. 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश सरकारी केंद्रीय प्रक्रियेतून झाला असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. हे न कळल्यामुळे बारावीनंतर लग्नाची बोलणी सुरू झालेली घरं मी पाहिली आहेत.

आणि मुलांना आयटीआय आतून दाखवा. आम्ही दरवर्षी दहावीचा वर्ग नेतो. एकदा फिटरच्या वर्कशॉपमध्ये निदेशकांनी भूमितीत कायम नापास होणाऱ्या एका मुलाच्या हाती कानस दिली. पोरगं पट्टीची कड घासायचं, गुण्या लावायचं, उजेडाकडे धरून फट दिसते का बघायचं, पुन्हा घासायचं. अर्धा तास मान वर केली नाही. काटकोन त्याला त्या दिवशी कळला. फळ्यावर मी तो किती वेळा काढला होता!

पालकांना वाटतं, आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं. तसं नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. फळ्यावर बाण काढून दाखवा, पटतं.

बँकेचं कामही मुलांकडूनच करून घ्या. पहिल्यांदा पैसे काढायची स्लिप भरताना 'अक्षरी रुपये' पुढे काय लिहायचं, हे वर्गातल्या पहिल्या नंबरालाही येत नव्हतं. एका मुलीने तर सही कधी केलीच नव्हती. तिने वहीच्या मागच्या पानावर दहा-बारा करून बघितल्या आणि एक ठरवली.

शेवटचं, एक वही ठेवा. निरोप समारंभाच्या दिवशी प्रत्येकाचा घरचा फोन नंबर लिहून घ्या आणि ऑगस्टमध्ये सगळ्यांना फोन करा. ज्यांचा प्रवेश कुठेच झालेला नसेल, ती मुलं तेव्हाच सापडतात. आयटीआयच्या शेवटच्या फेऱ्या तोवर बहुधा चालू असतात.