सोन्याचं नाणं आणि त्यावर फक्त 1 डॉलर?

प्रश्न : मला पलाऊ देशाचं एक सोन्याचं नाणं भेट मिळालंय, शर्टाच्या बटणाएवढं असेल, सोबत सर्टिफिकेट आणि प्लास्टिकची डबी. त्यावर 1 डॉलर लिहिलंय. सोन्याचं असून 1 डॉलर कसं काय? आणि हे खरं सरकारी नाणं म्हणायचं का?

उत्तर : हो, नाणं अधिकृतच असतं, पण पलाऊमधे कुणी ते दुकानात देत नाही, तिथे रोजचा व्यवहार अमेरिकन डॉलरमधे चालतो. 1 डॉलर ही दर्शनी किंमत, ती नावापुरती, कायद्याने ते चलन ठरावं म्हणून छापलेली. खरी किंमत आतल्या सोन्याची.

तुम्ही सांगताय त्या साइझवरून ते 0.5 ग्रॅमचं, 11 मिलिमीटर व्यासाचं असणार, तशी पलाऊची बरीच निघालीत आणि सोनं 9999 शुद्धतेचं, म्हणजे 99.99 टक्के. सोनं तोलायचं माप म्हणजे ट्रॉय औंस (31.1 ग्रॅम), त्यात अशी 62 नाणी बसतील. त्या दिवशीचा ग्रॅमचा भाव घ्या, निम्मा करा, झाली सोन्याची किंमत. विकत घेताना याच्यावर जे जास्तीचे पैसे जातात ते घडणावळ, डबी, डिझाइन आणि विकणाऱ्याचा नफा, आणि नाणं जितकं छोटं तितका हा वरचा खर्च सोन्याच्या मानाने जास्त, हे लोक विसरतात आणि मग विकायला गेल्यावर हिरमुसतात.

आता छोटे देश हे का करतात? नीउए बघा, वस्ती 2 हजाराच्या आत, चलन न्यूझीलंडचा डॉलर. स्वतःची टांकसाळ चालवणं अशा देशाला कसं परवडणार, म्हणून नाणी बाहेरच्या टांकसाळीत बनतात, देश आपलं नाव वापरायची परवानगी देतो आणि त्याचे पैसे घेतो. तुवालू हाही असाच छोटा देश, त्याची कितीतरी नाणी ऑस्ट्रेलियातल्या पर्थ मिंट या टांकसाळीत पडतात. मला यात फसवणूक अजिबात वाटत नाही, छोट्या देशाला उत्पन्नाचा हा सरळ मार्ग आहे, फक्त 'मर्यादित संख्या' वाचून हुरळून जाऊ नका, 15 हजार नाणी काढली आणि मागणारे हजारच असले तर भाव सोन्याच्याच आसपास राहणार.

नाणं डबीतून काढू नका, पुसू तर मुळीच नका. शुद्ध सोनं मऊ असतं, साध्या फडक्यानेही बारीक चरे पडतात, आणि सर्टिफिकेट डबीसोबतच ठेवा.